काळ्यावर काळं: मॉडेल गाड्यांवरच्या कार्बन फायबरची गोष्ट

आजचा भाग तळहातावर मावणाऱ्या गाड्यांचा आहे. स्केल मॉडेलवर खऱ्यासारखं कार्बन फायबर कसं रंगवायचं, याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. काळा रंग, त्यावर ताणलेली जाळी, जाळीवरून एअरब्रशने चंदेरी फवारा. जाळी उचलली की खाली बारीक चौकटी तयार. दिसतं झकास, लाइकही भरपूर मिळतात. पण माझं मत विचाराल तर हे बहुतेक वेळा खोटं दिसतं. का खोटं, ते कळायला आधी खऱ्या गाडीकडे जावं लागतं.

कार्बन फायबर गाड्यांत आलं ते विमानांच्या दुनियेतून. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात मजबूत कार्बन तंतू बनवायची पद्धत बसवली गेली. रोल्स-रॉइसने लगेच उडी घेतली आणि आरबी२११ या नव्या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बनची केली. वजन कमी, ताकद जास्त, सगळं मस्त. मग आली पक्ष्याची चाचणी. उडत्या विमानाच्या इंजिनात पक्षी घुसला तर काय होईल, हे बघायला फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी फेकतात. पात्यांच्या ठिकऱ्या झाल्या. शेवटी टायटॅनियमची पाती लावावी लागली. इंजिनाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये रोल्स-रॉइस कंपनीच बुडाली. एकट्या पात्यांमुळे बुडाली असं नाही, पण लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: कार्बन म्हणजे ठिसूळ, जोराचा दणका बसला की भुगा.

ही भीती लक्षात ठेवा. दहा वर्षांनी १९८१ मध्ये मॅक्लारेनचा डिझायनर जॉन बर्नार्ड याने फॉर्म्युला वन गाडीचा आख्खा सांगाडा, म्हणजे ड्रायव्हर ज्याच्या पोटात बसतो ते टब, कार्बनचं करायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये ते बनवून द्यायला कोणी तयार होईना. शेवटी अमेरिकेतल्या युटा राज्यात हर्क्युलिस नावाच्या, रॉकेटची कामं करणाऱ्या कंपनीने ते केलं. गाडीचं नाव एमपी४/१. त्याच वर्षी लोटसनेही कार्बन आणि केवलारची ८८ नावाची गाडी आणली होती, पण तिच्या दुहेरी चॅसीवरून भांडण पेटलं आणि बिचारीला शर्यतीत उतरूच दिलं नाही. तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.

१८ जुलै १९८१. सिल्व्हरस्टोनला जॉन वॉटसनने एमपी४/१ मध्ये ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. पण टीकाकारांची तोंडं बंद झाली ती त्या विजयाने नाही, सप्टेंबरमधल्या मोंझाच्या अपघाताने. लेस्मोच्या वळणावर वॉटसनची गाडी मागच्या बाजूने कठड्यावर आदळली आणि इंजिन-गिअरबॉक्स तुटून वेगळं झालं. बघणाऱ्यांना वाटलं, संपलं. वॉटसन मात्र टबमधून बाहेर आला आणि चालत निघून गेला. भुगा वगैरे काही झाला नाही. त्यानंतर काही वर्षांत फॉर्म्युला वनचं सगळं मैदान कार्बनवर आलं.

आता मॉडेलवाल्यांसाठी मुद्दा. जिने इतिहास घडवला त्या गाडीकडे बाहेरून पाहिलं तर काय दिसतं? लाल-पांढरा रंग. बस. कार्बन आत, रंगाखाली. तेव्हा ते मिरवायची वस्तू नव्हती; ज्या मालावर लोकांचा भरवसाच नाही, तो कोण दाखवत बसेल? त्यामुळे १९८१ च्या गाडीच्या बाहेरच्या अंगावर कोणी चकचकीत काळ्या-चंदेरी चौकटी चिकटवल्या, तर ते कितीही सफाईने केलं असलं तरी त्या गाडीचं मॉडेल राहत नाही.

बरं, ज्या गाड्यांवर विणकाम खरोखर दिसतं त्यांचं काय? तुमच्या जीन्सकडे जरा नीट बघा. कापडावर तिरक्या रेषा दिसतील. ते ट्विल विणकाम. मांजरपाटात धागा एक वर, एक खाली असा साधा जातो. कार्बनच्या ट्विलमध्ये बहुतेक वेळा दोन वर, दोन खाली, आणि दर ओळीला एक घर सरकत. गाड्यांवर जे ‘कार्बनसारखं’ दिसतं ते बहुतेक हेच. पण यातली गंमत ऐका: कार्बनचे उभे आणि आडवे धागे दोन्ही सारखेच काळे असतात. एक करडा आणि एक काळा दिसतो, तो फक्त प्रकाशामुळे. तंतू ज्या दिशेने पसरलाय त्यानुसार उजेड परततो. गाडीभोवती दोन पावलं चाला, करडे होते ते काळे होतात आणि काळे होते ते करडे. जाळीतून मारलेला चंदेरी रंग हे करू शकत नाही. तो एका कोनातला एक क्षण गोठवून ठेवतो, म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो.

आणि मग मापाचा हिशोब. नेहमीच्या ३के कापडात एका दोऱ्यात ३,००० तंतू असतात, प्रत्येक साधारण ७ मायक्रॉनचा, आणि तो चपटा दोरा सुमारे २ मिलिमीटर रुंद भरतो. १:२४ च्या मॉडेलवर त्याचे झाले ०.०८ मिलिमीटर. झेरॉक्सचा कागदसुद्धा याहून किंचित जाड असतो! हातभर अंतरावरून एकेक दोरा डोळ्याला दिसणारच नाही. फार तर एक तिरकी झाक जाणवेल. आता मच्छरदाणीची १ मिलिमीटरची जाळी घ्या. खऱ्या गाडीवर ती २४ मिलिमीटरची होते. म्हणजे तुम्ही कार्बन नाही, बाथरूमच्या टाइल्स रंगवताय. १:१२ च्या मोठ्या मॉडेलवर, उदाहरणार्थ तामियाच्या एन्झो फेरारीवर, दोरा ०.१७ मिलिमीटरचा होतो. तिथे विणकाम दिसणं रास्त आहे. छोट्या गाडीवर तेच ठसठशीत दिसलं तर गाडी खेळण्यातली वाटते.

मग जाळी टाकून द्यायची का? नाही. नायलॉनचे पातळ मोजे अजून कामाचे आहेत, पण चंदेरीऐवजी काळ्याच्या जेमतेम एक पायरी वरचा गनमेटल वापरा. तामिया किंवा जपानच्या स्टुडिओ२७ चे तयार कार्बन डेकल मिळत असतील तर सर्वात बारीक विणीचे घ्या. भागावर मास्किंग टेप दाबून बसवा, कडा पेन्सिलीने काढा, टेप सोडवून तिचा नमुना डेकलवर ठेवून कापा. खऱ्या कारखान्यातले कारागीरही कार्बनचं कापड साच्यात घालण्याआधी असंच नमुन्याने कापतात, त्यामुळे जोड कुठे येतो हेही बरोबर उतरतं. गोलाईवर डेकल मऊ करणारं द्रावण आणि हेअर ड्रायरची हलकी ऊब. मग खरी युक्ती: वरून तामियाच्या स्मोक नावाच्या पारदर्शक काळपट रंगाचे विरळ हात. वीण समोरून जवळजवळ बुडाली, आणि मॉडेल तिरकं धरल्यावरच वर आली, की थांबा. एवढी मेहनत करून ती लपवायची, हे जिवावर येतं. मलाही येतं.

कुठे लपवायची नाही, ते पुन्हा इतिहास सांगतो. १९८७ ची फेरारी एफ४० बाहेरून लाल, पण रंग इतका पातळ की तिरप्या उजेडात कापडाची वीण वर येते. आत बसलात तर कार्बन-केवलारचे पत्रे उघडे, आणि सांध्यांतून हिरवट चिकट माल बाहेर आलेला. फेरारीने तो पुसलासुद्धा नाही. एफ४० चं मॉडेल करणारा जाणकार आधी त्या हिरव्या रेषा काढतो, कार्बनचं मग बघतो. पुढे १९९९ मध्ये पगानीची झोंडा आली आणि कार्बन उघडपणे दागिना झाला. पगानीच्या उघड्या कार्बनच्या गाड्यांवर बॉनेटच्या मधल्या रेषेपाशी दोन्ही बाजूंची वीण एकमेकीला आरशासारखी भेटते. तिथे डेकलचे दोन तुकडे उलटसुलट कापून मधोमध जुळवायलाच हवेत, आणि वर काचेसारखा लॅकर.

शर्यतीच्या गाड्या मात्र उलट्या दिशेने गेल्या. २०२२ च्या नव्या नियमांनंतर गाड्या वजनाला जड निघाल्या, तेव्हा संघांनी रंगच खरवडायला सुरुवात केली, कारण रंगालाही वजन असतं. २०२३ ची मर्सिडीज डब्ल्यू१४ तर याच कारणाने बरीचशी उघड्या कार्बनची, काळीच उतरली. पण तो कार्बन चमकत नाही, आणि शोरूमच्या गाडीसारखी वीणही मिरवत नाही. १:२० च्या मॉडेलवर ती गाडी करायची असेल तर डेकलचं पाकीट कपाटात राहू द्या. दोन काळे घ्या: रंगवलेल्या भागांना थोडा चकाकणारा, उघड्या कार्बनला मंद आणि कणभर करडा. दोन्हीमधली कड मास्किंग टेपने नीट सांभाळा. मॉडेल खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवा. ती कड फक्त एखाद्या कोनातच दिसायला हवी.