मेनूवर अधिकार कोणाचा? : वैयक्तिक फोल्डरांच्या शॉर्टकटचा इतिहास (१९८१ ते २०२१)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्राचा वेग, स्मृतीची क्षमता आणि कंपन्यांमधील स्पर्धा यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. संगणकापुढे बसणारी व्यक्ती आपले काम कोठे ठेवते व ते पुन्हा कसे शोधते, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या मेनूमध्ये स्वतःच्या फोल्डरांचे शॉर्टकट ठेवण्याची सोय कशी निर्माण झाली, कशी विस्तारली व पुढे का आक्रसली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. मेनूची रचना ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. तथापि ती ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्याचा की निर्मात्याचा, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

पडद्यावर कार्यालयातील टेबलाचे रूप उभे करण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात विकसित झाली. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकात कागद व फोल्डर चित्ररूपाने दिसू लागले. परंतु या रूपकाबरोबर कागदाची मर्यादाही आली. कागदी फाइल एका वेळी एकाच कपाटात राहू शकते. एकच फाइल अनेक ठिकाणांहून हाती यावी, यासाठी निराळ्या युक्तीची गरज होती. १९८३ मधील ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत ‘सिंबॉलिक लिंक’ची सोय आली. तीत मूळ फाइल जागच्या जागी राहते आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ तिचा पत्ता नोंदविला जातो.

मॅकिंटॉशमधील प्रयोग

जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात ॲपल मेनू होता. त्यात गणकयंत्रासारखी छोटी साधने असत व नवीन साधनाची भर घालण्यासाठी स्वतंत्र उपयोजन वापरावे लागे. मे १९९१ मधील ‘सिस्टीम ७’ने हे चित्र पालटले. या आवृत्तीत मूळ वस्तूकडे निर्देश करणारी ‘अलायस’ आणि ‘ॲपल मेनू आयटेम्स’ हा फोल्डर या दोन गोष्टी एकत्र आल्या. या फोल्डरमध्ये जे ठेवावे ते मेनूत दिसे. त्यामुळे प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या वापरकर्त्यालाही आपल्या कामाच्या फोल्डरची अलायस तेथे ठेवून मेनूची रचना स्वतः करता येऊ लागली. १९९४ मधील ‘सिस्टीम ७.५’मध्ये फोल्डरमधील वस्तू उपमेनूच्या रूपाने उलगडण्याची सोयही मिळाली.

विंडोज ९५ : मेनू म्हणजेच फोल्डर

१९९० च्या ‘विंडोज ३.०’मधील प्रोग्रॅम मॅनेजरमध्ये गटाच्या आत गट करता येत नसे. केंट सलिव्हन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधावरून असे दिसते की, नवशिक्या वापरकर्त्यांना एकाआड एक दडलेल्या खिडक्या व डबल क्लिक या दोहोंची अडचण होत असे. त्यावर उपाय म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’मध्ये स्टार्ट मेनू देण्यात आला. हा मेनू डिस्कवरील एक साधा फोल्डरच होता. त्यात नवा फोल्डर केला की उपमेनू तयार होई. एखादी वस्तू स्टार्ट बटणावर ओढून सोडली की तिचा शॉर्टकट मेनूत येई. १९९६ च्या ‘विंडोज एनटी ४.०’मध्ये मेनूचे सर्वांसाठी समाईक आणि प्रत्येकासाठी खासगी असे दोन भाग झाले. महाविद्यालयांसारख्या संस्थांमध्ये एकच संगणक अनेक जण वापरतात. तेथे या विभागणीचे महत्त्व विशेष होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. ‘विंडोज २०००’मध्ये युनिकोडवर आधारित देवनागरी लेखनाची सोय झाल्यावर फोल्डरला मराठी नाव देणे शक्य झाले. मेनूतील तयार शब्द इंग्रजी असले, तरी वापरकर्त्याने स्वतः ठेवलेला फोल्डर तेथे मराठी नावाने उभा राहू शकत होता. म्हणजेच इंग्रजी मेनूत मराठीला जागा मिळाली ती वापरकर्त्याच्या या अधिकारामुळेच.

अधिकाराचा संकोच

पुढील दशकात प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. मार्च २००१ मधील ‘मॅक ओएस टेन’मध्ये ॲपल मेनूतील मजकूर निर्मात्याने निश्चित केला आणि वैयक्तिक वस्तूंसाठी ‘डॉक’ ही पट्टी दिली. त्याच वर्षीच्या ‘विंडोज एक्सपी’ने दोन स्तंभांचा मेनू आणला. त्यात वारंवार वापरलेल्या प्रोग्रॅमची यादी संगणकच करू लागला. २०१२ मधील ‘विंडोज ८’ने स्टार्ट मेनूच काढून टाकला. वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर २०१३ मध्ये ‘८.१’द्वारे बटण आणि २०१५ मध्ये ‘विंडोज १०’द्वारे मेनू परत आला. मात्र पॉवर बटणाजवळच्या जागेसाठी डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स अशा तयार यादीतूनच फोल्डर निवडावा लागे. २०२१ च्या ‘विंडोज ११’मध्येही हेच धोरण राहिले. अन्य फोल्डर मेनूवर ‘पिन’ करता येतो, हे खरे; परंतु उपमेनूंची स्वतः बांधलेली उतरंड त्यातून साकारत नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लासिक शेल’ या मोफत उपयोजनाने जुन्या धर्तीचा मेनू उपलब्ध करून दिला, यावरून ही उणीव अनेकांना जाणवत होती हे स्पष्ट होते.

या बदलामागे कारणे होती. ‘विंडोज व्हिस्टा’पासून मेनूतच शोधपेटी आल्याने वस्तू क्रमाने लावून ठेवण्याची निकड कमी झाली. शिवाय प्रत्येक नवा प्रोग्रॅम मेनूत आपला फोल्डर घुसवीत असल्याने मेनूची अडगळ झाली होती. तथापि शोधासाठी वस्तूचे नाव आठवावे लागते. मांडणीसाठी तिची जागा आठवली तरी पुरते. ही दोन स्मरणे भिन्न असून एक दुसऱ्याची जागा पूर्णतः घेऊ शकत नाही.

निष्कर्ष

१९९१ ते २००१ हे दशक मेनूवरील वापरकर्त्याच्या अधिकाराचा उत्कर्षकाळ ठरते. या काळात मेनू व फोल्डर यांतील भेद मिटला होता, म्हणूनच मेनूची पुनर्रचना कोणालाही सुलभ झाली. तो भेद पुन्हा निर्माण होताच वापरकर्त्याची भूमिका रचनाकाराकडून निवड करणाऱ्याकडे सरकली. सोय वाढली, पण मांडणीचे स्वातंत्र्य घटले. संगणकशिक्षणात मेनू कसा वापरावा एवढेच शिकविले जाते. तो कोणी व कोणासाठी रचला, हा प्रश्नही अभ्यासाचा विषय व्हावयास हवा.