हापूसच्या पायातला रायवळ

रायगडच्या किनाऱ्यावरच्या हापूसचा इतिहास आपण नेहमी काडीच्या, म्हणजे कलमात वर बांधल्या जाणाऱ्या हापूसच्या फांदीच्या, बाजूने सांगतो. पोर्तुगीजांच्या गोव्यात बहरलेली कलमांची विद्या, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या नावाशी जोडलेले फळ आणि २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळालेले भौगोलिक मानांकन, एवढ्यात तो संपतो. पण अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या कलमी बागांत जमिनीखाली हापूस नसतोच. तिथे खुंट म्हणून असतो रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवणारा गावठी आंबा. पूर्वीच्या भेट कलमात कुंडीतले रायवळ रोप हापूसच्या फांदीपर्यंत न्यावे लागे. दोघांच्या साली तासून ती एकत्र बांधायची आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने थांबायचे. एका झाडावर होऊन होऊन किती कलमे होणार? कोय कलमाने ही अडचण दूर केली. पावसाळ्यात कोय रुजली की दहा-पंधरा दिवसांच्या तांबूस, कोवळ्या कोंबाला चीर देऊन त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. कोकणातली दमट हवा या कामाला साथ देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत रोपवाटिकांपर्यंत पोचवली. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कलमांना मोठी मागणी आली.

कलमे वाढली, पण खुंट बेनाव राहिला. रायवळची प्रत्येक कोय वेगळे झाड देते, म्हणून वरून एकसारखी दिसणारी बाग मुळांशी सरमिसळ असते. फळ काडीचेच येते, मग खुंटाची चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. फळाच्या जातीपुरते ते खरे आहे. झाडाचा विस्तार आणि जमिनीतला खार सोसण्याची ताकद मात्र बऱ्याच अंशी खुंटावर ठरते. वेल्लईकोलंबन या खुंटावर हापूस ठेंगणा राहतो. इस्रायलने खाऱ्या, चुनखडीच्या जमिनीसाठी ‘१३-१’ हा आंब्याचाच खुंट निवडला. अमेरिकेतल्या पीचच्या रोपवाटिका तर लोव्हेल, नेमागार्ड अशा खुंटांच्या नावानिशी झाडे विकतात. आपल्याकडे शेकडो रायवळ असताना असे खुंट बाहेरून कशाला आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. किंबहुना माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळते. खाडीकाठी, खाऱ्या वाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले रायवळ हीच आपली परीक्षा झालेली झाडे आहेत. रस्त्यासाठी किंवा बंगल्यासाठी त्यातले एक तुटते तेव्हा उद्याच्या बागेचे एक मूळ जाते. म्हणून जसे हापूसचे मातृवृक्ष जपले, तसेच रायवळचेही नोंदवून जपायला हवेत.