आजोबांचें घड्याळ : त्याचा कंठ आणि त्याची कांति



पुरुषभर उंचीचें, भिंतीशीं पाठ लावून उभें राहणारें आणि पाव-पाव तासाला गाणारें लांब पेटीचें घड्याळ आपण एखाद्या जुन्या राजवाड्यांत किंवा संग्रहालयांत पाहिलें असेल. इंग्रजींत त्याला 'आजोबांचें घड्याळ' म्हणतात. हें नांव मात्र घड्याळाहून दोनशें वर्षांनीं धाकटें आहे. हेन्री क्ले वर्क या अमेरिकन गीतकारानें १८७६ सालीं आजोबांच्या घड्याळावर एक गीत प्रसिद्ध केलें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं, घड्याळाचें मूळ नांव मागें पडून गीतांतलेंच नांव रूढ झालें. अशा घड्याळाचा आवाज बसला किंवा लांकडाचें तेज गेलें, म्हणजे काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा आहे. पण त्याचें उत्तर इतिहासाला विचारल्यावांचून मिळत नाहीं.

प्रथम उंचीचें कारण पाहूं. क्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें १६५६ सालीं लंबकाचें घड्याळ योजिलें व पुढल्याच वर्षीं हेग येथील सालोमन कोस्टर या घड्याळजीनें तें घडविलें. आरंभींचे लंबक आंखूड असत आणि मोठमोठे झोके घेत. १६७० च्या सुमारास इंग्लंडांत चाकाचे दांते एकेक करून अडविणारी व सोडणारी नांगराच्या आकाराची योजना निघाली. तिच्यामुळें झोका लहान झाला, आणि सेकंदास एक झोका घेणारा सुमारें ३९ इंचांचा लंबक अरुंद पेटींत मावूं लागला. शाळेंत लंबकाचा नियम शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, या पेटीची उंची सुतारानें ठरविली नाहीं. ती पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणानें ठरविली.

आतां कंठाकडे वळूं. पुष्कळशीं जुनीं घड्याळें केवळ तासांचे ठोके देत. ठोके मोजण्याच्या रीती दोन. पहिलींत कमीअधिक अंतरावर खांचा पाडलेलें एक चाक असतें. काटे कोठें आहेत याची त्याला वार्ता नसते. कोणीं ठोके पडण्याची वाट न पाहतां काटे फिरविले, कीं तबकडीवर पांच आणि ठोके तीन असा प्रकार होतो. दुसरी रीत एडवर्ड बार्लो यानें १६७६ सालीं काढली. तींत तासकाट्याबरोबर फिरणारी पायऱ्यांची चकतीच ठोक्यांची संख्या ठरविते, म्हणून काटे फिरविल्यानें चूक होत नाहीं. पहिल्या जातींत असा विसंवाद दिसला, तर कांहीं मोडलें आहे असें समजूं नये. काट्यांशीं मेळ बसेपर्यंत ठोके पाडीत जावें, म्हणजे झालें.

पाव तासांचें गाणें याहून निराळें. आज सर्वत्र ऐकूं येणारी चाल केंब्रिज येथील सेंट मेरी द ग्रेट या चर्चच्या घड्याळासाठीं १७९३ सालीं तयार झाली. १८५९ सालीं ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील घड्याळांत आली, आणि तेथून घरोघरच्या घड्याळांत शिरली. तिची रचना गणिताच्या शिक्षकाला मोह पाडील अशी आहे. चार स्वरांचीं पांच चरणें. पाव तासाला एक, अर्ध्याला दोन, पाऊण तासाला तीन आणि पूर्ण तासाला चार. मिळून तासांत दहा चरणें होतात. म्हणजे खुंट्यांचें नळकांडें तासांत बरोबर दोन फेरे घेतें. पाव तासाला चार चरणें वाजूं लागलीं, तर चाल बिघडलेली नसून केवळ तिचें पाऊल चुकलेलें असतें.

आवाज बसण्याचीं कारणें साधीं असतात. हातोडीनें घाव घालून तत्काळ मागें सरावें. ती घंटेला किंवा दांडीला टेकून राहिली, तर नाद गुदमरतो. हातोडीचें कातडें वाळून कठीण झालें, तर आवाज कर्कश होतो. पण कित्येकदां सर्व ठीक असूनहि आवाज पोकळ येतो. अशा वेळीं पेटीची मागची फळी तपासावी. दांड्यांचा ठोकळा त्या फळीला घट्ट बसविलेला असतो; स्क्रू सैल झाला किंवा फळी चिरली, कीं नाद निघून जातो. पेटी हें घड्याळाचें केवळ वस्त्र नव्हे. वीणेला जसा भोपळा, तशी ती त्याला आहे.

म्हणूनच लांकडाचा विचार आवाजापासून वेगळा करतां येत नाहीं. प्रारंभीं अक्रोडाच्या पातळ पत्र्यानें मढविलेल्या पेट्या होत्या, खेडोपाडीं ओकच्या. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर महोगनी आली. त्यांवर मेण व व्हार्निश असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचे पातळ थर कापडाच्या बोळ्यानें चढविण्याची फ्रेंच रीत इंग्लंडांत पसरली. ही लाख आपल्या परिचयाची! महाभारतांतील लाक्षागृह याच पदार्थाचें. पळस, बोर आणि कोशिंब यांच्या फांद्यांवर एक क्षुद्र किडा ती निर्माण करतो. छोटा नागपूर हें तिचें मोठें उत्पत्तिस्थान. रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्थाच निघाली.

लाखेचा मोठा गुण हा कीं, जुना थर स्पिरिटानें मऊ होतो व नवा थर त्याच्याशीं एकजीव होतो. न दिसणाऱ्या जागीं स्पिरिटाचा थेंब लावून पाहावा. थर चिकट झाला, तर ती बहुधा लाखच. मग झिजलेल्या जागीं ताज्या द्रावणाचा पातळ हात द्यावा आणि वर मेण चोळावें. साठविलेलें जुनें द्रावण नीट वाळत नाहीं.

पण घरोघरीं घडतें तें उलट. पेटी पॉलिश-कागदानें कोरी घांसतात व तिच्यावर कांचेसारखें चकचकीत व्हार्निश ओततात. तबकडीवरची रुप्याची झिलई मळ समजून पितळ उघडें करतात. आणि आंतलें यंत्र काढून बॅटरीचें बसवितात. असें घड्याळ वेळ सांगतें, परंतु स्वतःविषयीं कांहींच सांगत नाहीं. किल्ली देणाऱ्या हातांनीं गुळगुळीत केलेली दाराची कड, उन्हानें फिकी पडलेली एक बाजू, हीं त्या वस्तूचीं दप्तरें होत. दप्तरावरची धूळ झाडावी, फाटलेलें पान चिकटवावें. पण अक्षरें खरवडूं नयेत. जेवढें बिघडलें असेल तेवढेंच दुरुस्त करणारा कारागीर मिळाला, तर त्याला दोन पैसे अधिक द्यावे. कारण त्यानें न केलेल्या कामाचेंहि तें मोल आहे.