तकदीर आणि तदबीर : पडद्यामागच्या माणसांचा इतिहास

नाटकाचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो नाटककारांचा, नटांचा, फार तर गायकांचा. लखनौच्या अमानतची 'इंदरसभा' एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिली गेली आणि पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी ती मुंबईत गाजवली, हे उर्दू साहित्याच्या कोणत्याही तवारीखेत सापडते. पण त्या काळच्या नाटकांत आकाशातून परी उतरायची तेव्हा तिचा दोर कुणाच्या हातात असायचा? जमिनीतून देव प्रकटायचा तेव्हा खालची फळी कोण सरकवायचे? त्यांची नावे कुठेच नाहीत. रंगभूमी ही कलेची जागा आहे तशीच ती मजुरीचीही जागा आहे. तिथे उंची आहे, वजन आहे, अंधार आहे, आग आहे. गिरणीत किंवा खाणीत असतात तेवढेच धोके तिथे असतात. फरक एवढाच की, तिथले धोके प्रेक्षकांपासून लपवणे हाच धंद्याचा भाग असतो.

ही माणसे सुरक्षित राहावीत म्हणून जगात काय काय करावे लागले, याचा थोडा शोध आम्ही येथे घेत आहोत. हा इतिहास बहुतांशी युरोप-अमेरिकेतला आहे, कारण त्याच्या नोंदी तिथे झाल्या. पण त्याचा धडा आपल्यासाठीही आहे.

शमा आणि परवाना

उर्दू शायरीत शमा आणि परवान्याचे नाते किती जुने आहे हे आपणास सांगायला नको. परवाना जळतो, आणि शायर त्याच्या जळण्याला इश्क म्हणतो. १८६० साली पॅरिसच्या ऑपेरात 'ले पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' या नावाचे नृत्यनाट्य आले. संगीत ऑफेनबाखचे, नृत्यरचना त्या काळची थोर नर्तिका मारी ताग्लिओनी हिची, आणि फुलपाखराच्या भूमिकेत तिची तरुण शिष्या एमा लिव्री. कथेतले फुलपाखरू मशालीच्या ज्योतीकडे ओढले जाते आणि त्याचे पंख जळतात.

दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८६२ रोजी, दुसऱ्या एका ऑपेराच्या तालमीत एमाचा झगा गॅसच्या दिव्याला लागला. क्षणात ती ज्वाळांनी वेढली गेली. घाबरून ती रंगमंचावर इकडून तिकडे धावत सुटली आणि त्या वाऱ्याने आग आणखी भडकली. पहाऱ्यावरच्या बंबवाल्याने तिला घोंगडीत लपेटले तोवर फार उशीर झाला होता. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. वय जेमतेम वीस-एकवीस.

येथे शायर थांबतो, इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र पुढे विचारावे लागते. झगा पेटला का? नर्तिकांचे कपडे मलमलीसारख्या झिरझिरीत कापडाच्या अनेक थरांचे असत, आणि दोन थरांमध्ये हवा खेळत असे. (इंग्रजीतला 'मस्लिन' हा शब्द मोसुल शहराच्या नावावरून आला असे मानतात.) त्या झग्यांच्या दोन्ही बाजूंना, विंगांमध्ये आणि समोर पायाशी, गॅसच्या उघड्या ज्योती. म्हणजे धोका कुणाला ठाऊक नव्हता असे नाही. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेब्स्टर ही नर्तिका अशीच जळून मेली होती. फ्रान्समध्ये तर १८५९ साली सरकारी फर्मानच निघाले होते की, पोशाख आणि देखावे आग न धरणाऱ्या द्रावणात बुडवून घ्यावेत.

पण त्या द्रावणाने कापड ताठ व्हायचे, त्याची झळाळी जायची. फुलपाखराचा झगा पुठ्ठ्यासारखा झाला तर नाचायचे कसे? नर्तिकांनी तो नाकारला. जुन्याच झग्यात नाचण्याची जबाबदारी आपली, असे एमाने लिहूनही दिले होते. तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात आजही जपून ठेवले आहेत.

दोष कुणाचा? हट्ट मुलीचाच होता, असे म्हणणे सोपे आहे. आमचे मत निराळे आहे. तिथे ज्योत तशीच उघडी ठेवली आणि सावरण्याचा भार मात्र नाचणारीच्या अंगावर टाकला. ज्या उपायाने कामच अडते तो उपाय कामगार टाळणार, हे मालकाने आधीच ओळखायला हवे. सही घेऊन कागद सुरक्षित होतो, माणूस होत नाही.

गॅसची दोन दशके

यानंतरही गॅस जळतच राहिला. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात खेळ सुरू होण्याआधी रंगमंचावरचा गॅस नीट पेटला नाही, साचला आणि मग भडकला. अधिकृत आकड्यानुसार ३८४ माणसे मेली. दिवे गेले, अंधार झाला, आणि अशा वेळेसाठी ठेवलेले तेलाचे दिवे पेटवलेलेच नव्हते. बाहेर तर अधिकारी सर्वजण वाचल्याचे सांगत होते. दुसऱ्याच दिवशी त्या शहरात जखमींना मदत करणारी स्वयंसेवी संस्था उभी राहिली, आणि लोखंडी पडद्याचे व अग्निरोधक देखाव्यांचे नियम कडक झाले.

इंग्लंडमध्ये एक्सेटर शहरातल्या थिएटर रॉयलला ५ सप्टेंबर १८८७ रोजी आग लागली. वर टांगलेल्या पडद्यांना गॅसची ज्योत लागली होती. १८६ माणसे गेली, त्यांतली बहुतेक सर्वांत वरच्या, स्वस्त तिकिटाच्या गॅलरीतली. इमारत उघडून वर्षही झाले नव्हते. खालच्या महागड्या जागांना बऱ्यापैकी दारे होती, गरिबांच्या गॅलरीला मात्र वाट अपुरी. धोकासुद्धा तिकिटाच्या दराने वाटला जातो, हे यातून दिसते.

खरा फरक पडला तो ज्योतच काढून टाकल्यावर. लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले. हे दिवे सुरक्षित आहेत हे पटवण्यासाठी त्याचा मालक डॉयली कार्ट याने रंगमंचावर उभे राहून कापडात गुंडाळलेला जळता बल्ब फोडून दाखवला. कापड पेटले नाही. झगा बदलण्यापेक्षा दिवा बदलणे शहाणपणाचे, हे एमाच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी सिद्ध झाले.

शिकागो आणि एडिंबरा : एका पडद्याच्या दोन बाजू

तरीही गफलत संपली नाही. शिकागोचे इरोक्वा थिएटर नोव्हेंबर १९०३ मध्ये उघडले. त्याची जाहिरातच अशी होती की, ही इमारत जळूच शकत नाही. पाच आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, सुटीतल्या दुपारच्या खेळाला बायका-मुलांची तुडुंब गर्दी होती. विजेच्या कमानी दिव्याची ठिणगी मलमलीच्या पडद्यावर उडाली. आग रोखणारा पडदा सोडला, तो अर्ध्यावर अडकला. आग विझवायला काय होते? पुड भरलेल्या काही नळ्या. धोक्याची घंटा नव्हती. रंगमंचावरची धुराडी बंद करून टाकलेली. बाहेर जायची दारे पडद्यांनी झाकलेली, त्यांच्या कड्या कुणाला उघडता येईनात, जिन्यांवरच्या जाळ्यांना कुलपे. द्वारपालांना कसलेही शिक्षण दिलेले नव्हते.

रंगमंचावरची मंडळी मागच्या दाराने निघाली. मोठे दार उघडताच थंड हवेचा झोत आत शिरला आणि आगीचा लोळ पडद्याखालून प्रेक्षकांवर गेला. सहाशेहून अधिक माणसे मेली. कलाकार आणि कामगार शेकड्यांनी होते, त्यांतले बहुतेक वाचले. वाचली नाही ती नेली रीड. ती तारेला लटकून उडणारी परी होती. आम्ही सुरुवातीला ज्या परीचा उल्लेख केला, तिचीच ही बहीण म्हणायची.

या मृत्यूंबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. मात्र त्या खेळाला जायचे असूनही कामामुळे जाऊ न शकलेल्या कार्ल प्रिन्झलर नावाच्या लोखंडी सामान विकणाऱ्या माणसाच्या मनाला ही गोष्ट लागली. दाबताच उघडणाऱ्या आडव्या दांड्याचे दार बाजारात आणण्यात त्याचा वाटा आहे. आज थिएटरांत आणि मॉलमध्ये आपण तो दांडा ढकलतो, तेव्हा ती शिकागोची आठवण असते.

आठ वर्षांनी याच्या अगदी उलट घडले. ९ मे १९११ रोजी एडिंबराच्या एम्पायर थिएटरात 'ग्रेट लाफायेत' या प्रसिद्ध जादूगाराच्या खेळात दिव्याने पडदे पेटले. येथे लोखंडी पडदा वेळेवर खाली आला. वादकांनी राष्ट्रगीत सुरू केले, लोक उठून उभे राहिले आणि काही मिनिटांत सुमारे तीन हजार प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले. सुरक्षेच्या पुस्तकांत हे आदर्श उदाहरण म्हणून सांगितले जाते.

पण पडद्याच्या दुसऱ्या बाजूला? आपल्या जादूची रहस्ये कुणी पाहू नयेत म्हणून लाफायेतने रंगमंचाकडची दारे बंद करून घेतली होती. तो स्वतः आणि त्याच्या मंडळीतले मिळून दहा-अकरा जण आत मेले. त्यांत खेळण्यातले यांत्रिक अस्वल आतून चालवणारी एक लहान चणीची पोरसवदा मुलगीही होती. लाफायेतच्या पोशाखातले एक प्रेत त्याचेच समजून नेण्यात आले. पुढे ढिगाऱ्यात बोटातल्या अंगठ्यांवरून खरा लाफायेत सापडला, तेव्हा कळले की पहिले प्रेत त्याच्यासारखा दिसणाऱ्या जोडीदाराचे होते. आत नेमके किती जण काम करत आहेत हे ठाऊक असते, तर अशी चूक झाली असती का?

शिकागोत पडदा अडकला आणि प्रेक्षक मेले. एडिंबरात पडदा पडला आणि कामगार मेले. दोन्ही ठिकाणी पडदा म्हणजेच सुरक्षा असे समजले गेले. पडदा कुणाला वाचवतो आणि कुणाला कोंडतो, हा सवाल कुणी विचारला नाही.

हिशेब आधी मांडणे

अपघातानंतर नियम, पुन्हा अपघात, पुन्हा नियम असा हा क्रम होता. तो उलटा करण्याचा विचार विसाव्या शतकात रुजला. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने कामाच्या प्रत्येक जागेची, म्हणून थिएटरचीही, जबाबदारी मालकावर टाकली. १९९२ च्या नियमांनी धोक्याचा अंदाज आधीच घेणे बंधनकारक केले. त्याची रीत अवघड नाही. काय इजा करू शकते ते शोधा. कुणाला, कशी, ते ठरवा. शक्यता किती आणि नुकसान किती ते तोला. उपाय करा. लिहून ठेवा आणि नाटक बदलले, माणसे बदलली की पुन्हा पाहा.

उपायांचीही एक उतरंड आहे. आधी धोकाच काढून टाकावा. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरावी. मग माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडोसा घालावा. मग शिक्षण, सूचना, पाळ्या. अंगावरचे पट्टे आणि टोप्या सर्वांत शेवटी. उंचावर दिवे लावणाऱ्याला पट्टा देण्याआधी, दिव्यांची दांडी खाली उतरवून जमिनीवरच काम होईल का, हे पाहायचे असते.

उपायही तपासत राहावा लागतो. आग अडवण्यासाठी पडद्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालत. पुढे कळले की त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग करतात. ब्रिटनने १९९९ पर्यंत टप्प्याटप्प्याने त्यावर बंदी आणली. एका पिढीची ढाल दुसऱ्या पिढीचा आजार ठरली.

आपल्याकडे

इंग्रज सरकारने येथे १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा केला. तो नाटकात काय बोलले जाते त्यावर नजर ठेवण्यासाठी होता. शब्दांची भीती सरकारला वाटली, विंगेतल्या ज्योतीची नाही. राज्याने आगीसंबंधीचा स्वतंत्र कायदा केला तो २००६ मध्ये. त्याआधी, १३ जून १९९७ रोजी, दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ माणसे मेली. वाढीव खुर्च्यांनी वाट अडवलेली आणि दार बंद, म्हणजे शिकागोचीच उजळणी. आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात उभारलेले, पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आत खेळ नव्हता म्हणून आपण वास्तूसाठी रडलो, माणसांसाठी रडावे लागले नाही.

आपल्या समाजात अशा घटनेनंतर एक वाक्य हमखास ऐकू येते की, तकदीरमध्ये लिहिले होते. तकदीरवर आमचाही ईमान आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू नये, आधी बांधावा, ही शिकवण रसूलुल्लाह (स.) यांचीच आहे. रात्री निजण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीदही त्यांनीच दिली आहे. तदबीर हा तकदीरवरचा अविश्वास नव्हे. ती माणसावर सोपवलेली अमानत आहे.

आपल्या शाळांची संमेलने, मोहल्ल्यातले मुशायरे, जलसे, कव्वालीचे मंडप, सारी रंगमंचाचीच रूपे आहेत. कनातीला टेकलेला हॅलोजन, पायात येणारी उघडी वायर, खुर्च्यांनी बुजलेली वाट, बांबूवर चढलेला पोरगा हे आपण सारेच पाहतो. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची कुठे असावी यावर तासभर चर्चा होते. तेवढ्यातली दहा मिनिटे काढून एक कागद घ्यावा. पडद्यामागे आज किती जण आहेत, त्यांची नावे काय, आणि दिवे गेले तर ते कोणत्या दाराने निघतील, एवढे त्यावर लिहावे. लाफायेतच्या जोडीदाराचे नाव अशा एखाद्या कागदावर असते, तर तो दुसऱ्याच्या नावाने ओळखला गेला नसता.