थंड इंजिनाची कुरकुर

ग्वाल्हेरकडील पौषातील पहाट. रात्रभर उघड्यावर राहिलेली मोटार चालू होते खरी. पण तिचे इंजिन काही केल्या स्थिरावत नाही. ते थरथरते, गचके देते, आता बंद पडणार असे वाटते आणि पाचसात मिनिटांत अंगात ऊब आली की काही घडलेच नाही अशा थाटात शांतपणे चालू लागते. कारागिराकडे नेईपर्यंत दोष पसार झालेला असतो. कारागीर ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात, त्या या व्याधीचा इतिहास मोटारीच्या इतिहासाएवढाच जुना आहे.

व्याधीचे मूळ पेट्रोलच्या स्वभावात आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. धातू थंड असला म्हणजे पेट्रोलमधील हलके घटक तेवढे उडून जातात, उरलेले नळीच्या भिंतींना चिकटून राहते. मोजून दिलेले पेट्रोल बरोबर असूनही ज्वलनास मिळणारी वाफ अपुरी पडते. तेव्हा थंडीत पेट्रोल अधिक द्यावयास हवे. मात्र ते किती अधिक द्यावे आणि केव्हा आवरावे, हे ठरवावयाचे कोणी?

प्रारंभी ते माणसानेच ठरवावयाचे होते. 1888 साली बेर्था बेंझ ही बाई पतीने बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली. रस्त्यावर मोटारीचे निदान आणि दुरुस्ती करणाऱ्यांत या बाईचा मान पहिल्या काहींत लागावा. त्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळविली जाई. पुढे 1893 च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने पेट्रोलचा बारीक फवारा उडविणारा कार्ब्युरेटर आणला. हवेच्या वाटेत एक झडप बसवून ती थंडीत अर्धवट मिटली की आत अधिक पेट्रोल ओढले जाई. हाच तो चोक.

त्या काळी इंजिन जागे करावयाचे ते हँडल मारून, आणि चुकीच्या क्षणी ठिणगी पडली तर हँडल उलटे फिरून माणसाचे मनगट मोडे. 1908 साली अमेरिकेत बायरन कार्टर हा मोटार-कारखानदार अशाच आघातानंतर दगावला आणि त्या दुःखाने कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडने विजेच्या स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. चार्ल्स केटरिंगने तो स्टार्टर सिद्ध केला व 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. हात वाचला, पण चोकची दोरी मात्र त्या हातातच राहिली.

ती दोरी ओढणे ही एक कलाच होती. थोडी कमी ओढली तर इंजिन गचके खाई, जास्त ओढली तर प्लग पेट्रोलने भिजून गाडी मुळीच चालू होत नसे. आणि आत सारावयाची विसरली तर पेट्रोल वाया जाऊन प्लगांवर काजळी धरे. 1932 साली ओल्ड्समोबिलने हे काम एका दुधातूच्या स्प्रिंगकडे सोपविले. ऊब लागली की स्प्रिंग उलगडे आणि झडप आपोआप उघडे. आपल्याकडे मात्र अँबॅसडर आणि कुर्ल्यात बनणारी पद्मिनी यांच्या चालकांनी हाताचा चोक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सांभाळला. या चालकांना निदानही येत असे. इंजिन गचके देत असता कारागीर कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरी. त्याने इंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी किंवा कोठून तरी चोरटी हवा शिरते आहे, हे कळे. एवढ्या स्वस्तात मिळणारे इतके खात्रीचे उत्तर पुढील कोणत्याही उपकरणाने दिले नाही.

1967 साली बॉश कंपनीने फोक्सवागनसाठी विजेच्या हुकमतीखालील इंधन-फवारणी आणली. धुराविषयीचे अमेरिकेतील कायदे हे त्यामागील एक मोठे कारण. 1976 साली व्होल्वोच्या काही गाड्यांत धुरातील प्राणवायू जोखणारा सेन्सर आला आणि इंजिन आपली चूक आपणच सुधारू लागले. भारतात 2000 सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसा कार्ब्युरेटर येथूनही मागे पडला.

पण प्राणवायूचा हा सेन्सर सुमारे तीनशे अंश तापल्यावाचून काम करीत नाही. तोवर संगणक जवळजवळ आंधळाच असतो आणि कूलंटच्या पाण्यातील दुसऱ्या एका सेन्सरच्या सांगण्यावर विसंबतो. हा सेन्सर म्हणजे थंडीत विजेस अधिक विरोध करणारा लहानसा खडा. त्याने थंड इंजिनाला गरम म्हटले, की पेट्रोल कमी सुटते आणि गचके सुरू होतात. चोरट्या हवेचेही तसेच आहे. थंडीत आखडलेल्या रबरी नळीतून किंवा गॅस्केटमधून ती शिरते. इंजिन तापल्यावर रबर फुगते, प्राणवायूचा सेन्सर जागा होऊन तूट भरून काढतो आणि दोष झाकला जातो. आत येणाऱ्या हवेच्या झडपेवर साचलेला कोळसाही असाच लबाड असतो. तो थंडीत पेट्रोल स्पंजासारखा शोषून घेतो. 1995 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये तो साचू न देणारे द्रव्य मिसळणे सक्तीचे झाले, यावरून हा उपद्रव किती व्यापक होता ते दिसते.

असे असूनही पुष्कळ ठिकाणी कारागीर आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग आणखी काही, आणि बिल वाढत जाते. वास्तविक गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी, सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वीच तपासयंत्र जोडून कूलंटचे तापमान वाचावे आणि ते बाहेरच्या हवेशी ताडून पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यावयास हवेत. बाहेर आठ अंश असताना सेन्सर चाळीस सांगत असेल, तर आधी त्याची तार व जोड पाहावा, मग सेन्सर बदलावा. आकडे जुळले, तर मात्र प्लगला हात लावण्यापूर्वी रबरी नळ्या एकेक करून तपासाव्यात, आणि तेही इंजिन थंड आहे तोवरच.