एका जुवाखाली दोन शक्ती

कलकत्त्याच्या रस्त्यांचा इतिहास हा एका अर्थाने चालकशक्तींच्या पदच्युतीचा इतिहास आहे. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदहपासून आर्मेनियन घाटापर्यंत देशातली पहिली ट्राम धावली, ती घोडे ओढीत होते. उतारूंअभावी ती त्याच वर्षी बंद पडली. १८८० मध्ये नव्या कंपनीने हा उद्योग पुन्हा मांडला. बंगालच्या दमट उकाड्यात जड डबे ओढताना जनावरांचे हाल होत. १८८२ मध्ये वाफेचे इंजिनही लावून पाहण्यात आले. परंतु मार्च १९०२ मध्ये एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम सुरू झाली आणि घोडा व वाफ या दोघांचीही सद्दी संपत गेली. पुढे पेट्रोल-डिझेलचा अंमल आला. जवळच्याच उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर ही पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने या शहराची ओळखच बनली.

नवा राजा आला की जुन्याने गादी सोडावी, हा येथला रिवाज. हायब्रिड मोटारीने तो मोडला. खंडाळ्याच्या घाटात आगगाडीला मागून जादा इंजिने लावतात आणि चढ संपताच ती सोडतात, हे मराठी प्रवाशाला ठाऊक आहे. हायब्रिडची युक्ती त्याच जातीची. मात्र तिचा घाट म्हणजे श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावरची गर्दी होय. अशा गर्दीत पेट्रोलचे इंजिन गाडी उभी असतानाही इंधन पीत राहते, आणि महत्प्रयासाने मिळवलेला वेग पुढच्याच क्षणी ब्रेकच्या उष्णतेत वाया जातो.

कल्पना जुनी आहे. १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्श याने पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून चाकांतल्या मोटारी फिरवणारी गाडी बनवली होती. पण बॅटऱ्या फार जड होत्या. शिवाय १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास गेला आणि पेट्रोलगाडीचे आसन स्थिर झाले. विजेच्या गाडीचा घात विजेनेच करावा, हा दैवदुर्विलासच!

डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस विक्रीस आली. तिच्या पोटात एक सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके आणि सर्वांना वेढणारे दातेरी कडे अशी रचना आहे. ग्रहचाकांच्या चौकटीला इंजिन, सूर्यचाकाला जनित्र आणि कड्याला मोटार व गाडीची चाके जोडलेली असतात. गाडी हलते ती बहुधा मोटारीच्या बळावर, कारण स्थिरावस्थेतून ओढण्यात मोटारीची बरोबरी इंजिनाला करता येत नाही. वेग वाढला की इंजिन जागे होते. मध्यम ते जड भारावर ते काटकसरीने चालते, हलक्या भारावर उधळे बनते. म्हणून भार कमी पडल्यास त्याच्याकडून थोडे अधिक काम घेऊन उरलेली शक्ती बॅटरीत साठवतात. चढावर दोघे मिळून ओढतात. ब्रेक दाबला की मोटारच जनित्र बनते आणि वेगाची वीज होऊन परत येते. हा हिशेब क्षणोक्षणी संगणक ठेवतो. बॅटरी पूर्ण भरू द्यायची नाही, पूर्ण रिकामीही होऊ द्यायची नाही. दोन्ही टोकांनी तिचे आयुष्य घटते, आणि भरलेल्या बॅटरीत ब्रेकची वीज ठेवायला जागाच उरत नाही.

एक गैरसमज मात्र पुष्कळांचा असतो. बाहेरून वीज न भरणाऱ्या अशा गाडीत सारी शक्ती अखेर पेट्रोलचीच असते; बचत होते ती केवळ उधळपट्टी थांबल्यामुळे. म्हणूनच मोकळ्या हमरस्त्यावर तिचा लाभ थोडा आणि कोंडलेल्या शहरात अधिक. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मार्गांवर २०१८ मध्ये हायब्रिड बसगाड्या आणल्या गेल्या, त्या याच विचाराने. कलकत्त्याने दुसरी वाट धरली. तेथे २०१९ पासून निव्वळ बॅटरीवरच्या बसगाड्या धावू लागल्या. ट्रामला तर बॅटरी वाहण्याचीही गरज नव्हती, तिची शक्ती डोक्यावरच्या तारेत होती. २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदानाकडचा एक मार्ग वगळून ट्राम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या तारेला १२२ वर्षे झाली होती.