नामदेवांची पायरी आणि आपण

संतशिरोमणी श्रीनामदेव महाराजांचे नाव आपली ज्ञाती अभिमानाने लावते. नाव लावणे सोपे आहे. त्या नावाने आपल्यावर कोणते ऋण ठेवले आहे, हे ओळखणे कठीण. त्याचाच विचार येथे संक्षेपाने करावयाचा आहे.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मध्ये झाला. पिता दामाशेटी, माता गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. विसोबा खेचर हे त्यांचे गुरू. ज्ञानेश्वरांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली आणि १२९६ मध्ये आळंदीस झालेल्या त्यांच्या समाधीचे वर्णन अभंगांतून केले. म्हणूनच त्यांना मराठीतील आद्य चरित्रकार म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांच्या घरची दासी जनाबाई हीदेखील संतपदास पोहोचली.

पुढे नामदेवांनी उत्तरेत भक्तीचा प्रसार केला. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या स्मृतीने पावन मानले जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. आपल्याकडे त्यांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळली. पंजाबने मात्र ती पदे निगुतीने जतन केली.

त्या पदांत नामदेवांनी आपली जात लपविलेली नाही. एका पदात तर हीन जातीचा म्हणून आपणांस देवळातून उठविल्याचे ते सांगतात. ते मागील बाजूस जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ती कथा आहे. महाराष्ट्रात ती औंढ्या नागनाथाच्या देवळाची म्हणून सांगतात.

ज्याने स्वतः हा अपमान सोसला, त्याने इतरांशी कसे वर्तन ठेवले? मंगळवेढ्यास १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गाडले गेले. परंपरा सांगते की, नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर समाधी बांधली. संतांचे चरण लागावेत म्हणून स्वतः नामदेवही १३५० मध्ये त्याच महाद्वारी पायरी होऊन राहिले.

परंतु चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना ती पायरी ओलांडण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले तेव्हा! मधल्या सहा शतकांत त्या पायरीस वंदन करून आत जाणाऱ्यांत आपले पूर्वजही होते. बाहेर तिष्ठत उभे असलेल्यांकडे त्यांतील कितीकांनी वळून पाहिले असेल? हा प्रश्न कटू आहे. तथापि नामदेवांचे नाव लावणाऱ्यांना तो टाळता येणार नाही.

बंधुभगिनींनो, ज्ञातिसंस्थेने आपल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणे योग्यच आहे. परंतु नामदेवांचा वारसा ज्ञातीच्या कुंपणात मावणारा नाही. आषाढ वद्य त्रयोदशीस आपण त्यांची पुण्यतिथी साजरी करतो. त्या दिवशीच्या कीर्तनास व पंगतीस गावातील सर्व ज्ञातींच्या माणसांना, विशेषतः ज्यांना एके काळी महाद्वारी अडविले गेले त्यांना, घरोघर जाऊन आग्रहाचे निमंत्रण द्यावे आणि आपल्याच शेजारी पान मांडून बसवावे. पायरी झालेल्या महात्म्यास याहून निराळी पूजा रुचणार नाही.